पाणी काढून घेतलं, तर पाणी द्या

माझी आई दर्यापूर तालुक्यातली, म्हणजे खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. इथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आईच्या पिढीतल्या बायांनी गोड्या पाण्याच्या एका गुंडीसाठी किती पायपीट केली, ते त्यांच्या गुडघ्यांना विचारावं. त्यामुळे कोणी पाणी सांडलं की आजही आईच्या कपाळाला आठी पडते. आणि दारात माणूस आला, मग तो पाहुणा असो की वीजबिल वाटणारा, की आधी गडवाभर पाणी पुढे होतं. चहाचं नंतर बघू.

गेल्या वर्षी बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला शारजाला न्यायचं होतं. विमानात बसायची तिची पहिलीच वेळ. एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर आम्ही चार तास आधीच जाऊन बसलो, कारण खेड्यातला माणूस गाडी चुकण्याला फार भितो. आईच्या पिशवीत कोल्ड्रिंकची जुनी बाटली होती, दोन लिटरची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. घरचं पाणी.

तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी अडली. जवान आदबीने म्हणाला, "माताजी, पानी नहीं जाएगा." आईने माझ्याकडे पाहिलं. "काहून? पानीच हाय ना थे. पिऊन दाखवू का?" आणि खरंच वरून धार धरून ती प्यायला लागली. मागे रांग खोळंबली. तिच्याने जेवढं पिववलं तेवढं ती प्यायली, तरी बाटली अर्धी उरलीच. जवानाने कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा दाखवला. तिथे मात्र ती अडून बसली. "पानी कचऱ्यात टाकत असते का बाबू? झाडाले घालतो मी." कोपऱ्यात मोठ्या कुंडीत एक झाड होतंही. ती जवळ गेली, पानाला हात लावला आणि परत आली. झाड प्लास्टिकचं होतं. शेवटी तिची पाठ वळल्यावर मीच ती बाटली डब्यात टाकली, पाण्यासकट. रिकामी बाटली आत नेता येते, हे ना मला माहीत होतं, ना कोणी सांगितलं.

आत गेल्यावर तासाभराने तिला तहान लागली. मी दुकानातून अर्ध्या लिटरची बाटली आणली आणि वीस रुपयांची म्हणून सांगितली. आई शाळेत दुसरीपर्यंतच गेली, पण कापसाच्या काट्याची पावती आणि बँकेचं पासबुक वाचून वाचून तिचे आकडे पक्के झालेत. तिने बाटली फिरवून बारीक अक्षरातली किंमत शोधलीच. "सत्तर? अरे, सत्तर रुपयात तं आपल्या गावात साडेतीन कॅन येते."

तिचा हिशेब बरोबर होता. आमच्या गावात आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन वीस रुपयांना मिळतो. सत्तर रुपयांत सत्तर लिटर. तिच्या हातात होतं अर्धा लिटर. म्हणजे एकशेचाळीस पट.

पण हा लेख सत्तर रुपयांचा नाही. सिनेमागृहात, महामार्गावरच्या ढाब्यावर, जत्रेत, सगळीकडेच वस्तू महाग मिळतात आणि आपण कुरकुरत घेतो. विमानतळावरच्या बाटलीची गोष्ट वेगळी आहे. इथे तहान लागायच्या आधी तुमचं स्वतःचं पाणी काढून घेतलेलं असतं, आणि ते दुकानदाराने नाही, सरकारच्या नियमाने काढून घेतलेलं असतं. नियमाने काढून घेतलेल्या पाण्याची भरपाई बाजाराने करावी, अशी ही व्यवस्था आहे. माझा आक्षेप त्यावर आहे.

नियमाविषयी माझी तक्रार नाही. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये एक कट उघडकीस आला. शीतपेयाच्या बाटल्यांत द्रवरूप स्फोटकं भरून अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवायची, असा तो बेत होता. त्या दिवसापासून जगभर प्रवाशांच्या हातातल्या बाटल्यांवर संशयाची नजर पडली, आणि काही महिन्यांत हातातल्या सामानात द्रवाची बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच, हा नियम रूढ झाला. आपल्याकडे देशांतर्गत विमानाला जाताना पाण्याची बाटली बऱ्याचदा जाऊ देतात, आंतरराष्ट्रीयला नाही. विमानात माझीच आई बसणार असेल तर तपासणी कडकच हवी. आता नव्या यंत्रांना बाटलीतलं पाणी आणि स्फोटक यांतला फरक ओळखता येतो. ब्रिटनमधल्या एडिनबरोच्या विमानतळाने २०२५ मध्ये दोन लिटरपर्यंतच्या द्रवाला मुभा दिली. आपल्याकडे सगळीकडे ती यंत्रं येतील तेव्हा येतील. तोवर नियम राहू द्या. पण ज्या क्षणी जवान म्हणतो की पाणी जाणार नाही, त्याच क्षणी त्या माणसाच्या तहानेची जबाबदारी जवानाला पाठवणाऱ्या व्यवस्थेवर येते. ती तिने उचलावी, एवढंच म्हणणं.

हे म्हणणं काही माझ्या पदरचं नाही. अशीच गोष्ट सिनेमागृहांच्या बाबतीत आधीच निकालात निघालेली आहे. त्रिपुरातल्या एका सिनेमागृहाच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं की प्रेक्षकाला पाणी आत नेऊ देत नसाल तर आत मोफत पिण्याच्या पाण्याची सोय ठेवावी लागेल. नाहीतर ती सेवेतली त्रुटी. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा मालकाचा हक्क मान्य केला, पण स्वच्छ पाणी मोफत मिळालं पाहिजे हेही त्याच वेळी नोंदवलं. सिनेमागृहात निदान मध्यंतरात बाहेर पडता येतं, आणि सिनेमा तीन तासांत संपतो. विमानतळावर तपासणी झाली की मागे फिरता येत नाही, आणि विमान लांबलं तर रात्र तिथेच काढावी लागते. तीन तासांच्या करमणुकीला जो न्याय लागू होतो तो इथे लागू व्हायला काय हरकत आहे?

छापील किमतीच्या कायद्याकडून मात्र फारशी आशा धरू नये. लोकांना वाटतं एमआरपी म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत. तसं नसतं. ती कंपनीच ठरवते आणि छापते. कायदा एवढंच म्हणतो की दुकानदाराने त्यापेक्षा जास्त घेऊ नये. सारख्याच पाकिटावर दोन ठिकाणी दोन किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आली. पण सारखं पाकीट नसलं की झालं. बाटलीचा आकार थोडा निमुळता करा, झाकण रंगीत करा, नाव बदला, डोंगराचं चित्र टाका. पिण्याच्या बाटलीबंद पाण्याचं भारतीय मानक १४५४३ आहे, ते वीस रुपयांच्या बाटलीलाही तेच आणि सत्तरच्या बाटलीलाही तेच. झऱ्याच्या नैसर्गिक मिनरल वॉटरचं मानक वेगळं आहे, १३४२८, आणि ते महाग असणं समजू शकतं. पण विमानतळावर पहिलं पाणी दुसऱ्याच्या थाटात विकलं जातं, आणि तहानलेला माणूस मानकाचा क्रमांक वाचत बसत नाही. माझी आई वाचते, पण ती फक्त किंमत.

त्यातून टेबल-खुर्ची मांडलेली जागा असेल तर तोही धाक नाही. हॉटेल आणि उपाहारगृहं बाटलीबंद पाणी छापील किमतीहून जास्त दराने विकू शकतात, कारण तिथे नुसती वस्तू नाही तर सेवाही विकली जाते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. पंखा, वाढपी, बसायची जागा, हे सगळं त्या पाण्यात विरघळलेलं असतं म्हणे. साध्या दुकानाने छापील किमतीहून जास्त घेतले तर वैधमापन यंत्रणेकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि करावी. पण सत्तर छापून सत्तर घेणाऱ्याविरुद्ध तक्रार कसली करणार?

याच गोष्टीवर आपल्या विधिमंडळातही आवाज उठून गेला आहे, आणि तोही नागपुरात. जुलै २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपूरला भरलं होतं. पावसाचं पाणी वीजयंत्रणेत शिरल्याने ज्या अधिवेशनात एक दिवस विधानभवनातच अंधार झाला, तेच हे अधिवेशन. तिथे घोषणा झाली की १ ऑगस्टपासून मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ नेता येतील आणि आत-बाहेर एकच छापील किंमत राहील. पुढे काय झालं, ते मल्टिप्लेक्समध्ये जाणाऱ्यांना ठाऊक आहे. किमतीला हात घालणाऱ्या घोषणा फार टिकत नाहीत. केरळ सरकारने २०२० मध्ये बाटलीबंद पाण्याच्या लिटरला १३ रुपयांची मर्यादा घातली; उत्पादक न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. म्हणून बाटलीचा भाव सरकारने बांधून द्यावा, अशी माझी मागणी नाही. भावाच्या मागे लागलो की भांडण कंपनीच्या खर्चाच्या तक्त्यात अडकतं, आणि तक्ता त्यांच्याकडे असतो.

भाव एवढा का चढतो, हे मात्र समजून घ्यायला हवं, कारण त्यात एक गंमत दडलेली आहे. विमानतळावरचं दुकान नुसतं भाडं देत नाही. ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा, यांतलं जे जास्त असेल ते त्याला विमानतळ चालवणाऱ्याकडे भरावं लागतं. माल आत न्यायलाही तपासणी, माणसं रात्रपाळीची, जागा हातभर. हे खर्च खरे आहेत, दुकानदार एकटा लुटारू नाही. विमानतळांचे दर ठरवणारं प्राधिकरण २००८ च्या कायद्याने आलं. विमान उतरण्याचं शुल्क, प्रवाशाच्या तिकिटातून घेतलं जाणारं शुल्क, हे ते ठरवतं. बाटलीचा भाव त्याच्या हातात नाही. पण २०१६ च्या विमान वाहतूक धोरणाने असं ठरवलं की दुकानं, पार्किंग, जाहिराती यांतून येणाऱ्या उत्पन्नातला ३० टक्के हिस्सा ही शुल्कं कमी ठेवायला वापरायचा. म्हणजे दुकानात जास्त पैसे जमले की सगळ्यांचाच विमानप्रवास थोडा स्वस्त होतो, असा तो हिशेब.

वाचायला हे बरं वाटतं. पण दुकानात पैसे कोण जमा करतं ते बघा. ज्याला विमानतळाची सवय आहे तो रिकामी बाटली घेऊन येतो आणि आत भरतो. ज्याच्याकडे बँकेचं चांगलं कार्ड आहे तो लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या आरामाच्या खोलीत, कार्ड घासतो, दोन रुपये कापले जातात, आणि गरम पोळी-भाजी, चहा, फळं, हवं तेवढं पाणी घेऊन मऊ खुर्चीवर बसतो. उरतो तो पहिल्यांदा आलेला. ज्याला लाउंज हा शब्दच दारूच्या दुकानासारखा वाटतो आणि जो काचेच्या दारापाशी जाऊन परत फिरतो. सत्तर रुपये तो देतो. त्याच्या तहानेतून रोज विमानाने हिंडणाऱ्याचं तिकीट दोन-चार पैशांनी उतरतं. माहीत नसण्याचा हा कर आहे, आणि तो सगळ्यांत आधी खेड्यातल्या माणसाकडून वसूल होतो.

"पण विमानतळावर मोफत पाणी असतंच की," असं अमरावतीतल्या माझ्या एका मित्राने मला सुनावलं. तो महिन्यातून दोनदा मुंबईला उडतो. बरोबर आहे त्याचं. असतं. मीही नंतर शोधून काढलं. लांबवर, शेवटच्या गेटच्या अलीकडे, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून, पुरुषांच्या आणि बायकांच्या दारांच्या बरोबर मध्ये दोन स्टीलच्या नळ्या होत्या. बटण दाबलं की पाण्याची धार वर उडायची आणि तिच्यावर वाकून तोंड लावायचं. पेला नव्हता. आईला घेऊन गेलो तर ती दहा हातांवरच थांबली. "संडासाच्या भितीले लागून कोन पानी पिते?"

मित्राला हे सांगितलं तर तो हसला. पाईप सगळे एकाच बाजूने जातात, म्हणून पाण्याची जागा तिथेच असते, त्यात सोवळंओवळं काय आणायचं, असं त्याचं म्हणणं. इमारत बांधणाऱ्याच्या सोयीचं ते खरंच आहे. पण आमच्याकडे पाण्याची जागा घरात सगळ्यांत स्वच्छ कोपऱ्यात असते, चुलीच्या उजव्या हाताला, उंचावर, झाकलेली. माठात हात बुडवायचा नाही, ओगराळ्याने काढायचं, भांड्याला ओठ न लावता वरून प्यायचं. रोगराईने शिकवलेल्या या सवयी आहेत, आणि डॉक्टरही त्यांना नावं ठेवणार नाहीत. त्यात साठीतल्या बाईच्या कंबरेला त्या नळीवर वाकणं जमत नाही, लुगड्याचा पदर ओला होतो, मागे उभा माणूस घड्याळ बघतो. पाणी आहे पण ते पिण्याजोगं मांडलेलं नाही, तर ते कोणासाठी आहे? नियमाच्या कागदावर बरोबरची खूण करण्यासाठी?

आमच्या भागात पाणी पाजण्याची रीत कोणाला शिकवायला लागत नाही. चैत्र लागला की बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, देवळाच्या पारावर लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण उभे राहतात, वाळा घातलेले, शेजारी एक म्हातारा बसवलेला. उन्हाळ्यात रेल्वेच्या स्टेशनांवर माणसं थंड पाण्याच्या गाड्या ढकलत डब्यांच्या खिडक्यांपर्यंत येतात. जनरलच्या डब्यातून बाटल्या बाहेर येतात आणि भरून आत जातात. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न हे पहिलं आणि तहानलेल्याला पाणी हे दुसरं. आणि अकोलीच्या भास्कर पाटलाची गोष्ट तर वऱ्हाडातल्या लेकराला पाठ असते. गजानन महाराजांनी पाणी मागितलं, तर भास्कर त्यांच्यावर उखडला. मी डोक्यावरून लांबून आणतो आणि हा धडधाकट माणूस आयता मागतो. महाराज उठले आणि शेतातल्या कोरड्या विहिरीपाशी जाऊन बसले, विहिरीला पाणी आलं. ही गोष्ट चमत्कारासाठी सांगतात. मला तिच्यात भास्करचा राग खरा वाटतो. त्याचं पाणी महाग होतं, त्याच्या घामाचं होतं. तरी तहानलेल्याला नाही म्हणणं त्याला शोभलं नाही, असंच ऐकणारे सगळे म्हणतात. विमानतळाला तर घागर डोक्यावरून आणावी लागत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही माझ्या गावाकडून आली. पारावर हा विषय काढला तर एक काका म्हणाले, "थे विमानाचं राहू दे बा. आपल्या गावात पानी इकत घ्या लागते, त्याचं लिही." हे टोचलं, कारण खरं आहे. खारपाणपट्ट्यासाठी शहानूर धरणावरून प्रादेशिक योजना आली, नळ आले, गावोगाव टाक्या झाल्या. पण नळाला पाणी कधी दिवसाआड, कधी आठवड्याने. जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचं वचन दिलं. तरी गावात आरओचा कारखाना निघतो, चारचाकीतून कॅन फिरतात आणि लग्नात कोणी माठ मांडत नाही, थंड कॅनची रांग लागते. सार्वजनिक पाण्याची आबाळ होऊ द्यायची, लोकांचा त्यावरचा विश्वास उडू द्यायचा, आणि मग शेजारी पाणी विकायला बसायचं. विमानतळावर तेच होतं, फक्त भाव वेगळा. नळ स्वच्छतागृहामागे ढकलायचा आणि दुकान वाटेवर मांडायचं. काकांना मी हेच म्हणालो की दोन्ही एकच दुखणं आहे. त्यांना ते पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. तंबाखू मळत ते म्हणाले, "पन पयले गावातलं."

पहिले गावातलं, मान्य. पण विमानतळाचा प्रश्न सोपा आहे, आणि सोपा प्रश्नही सुटत नसेल तर अवघड कधी सुटणार? इथे धरण बांधायचं नाही, पाईपलाइन टाकायची नाही. पाणी इमारतीत आहे, शुद्ध केलेलं आहे, फक्त ते चुकीच्या जागी आहे आणि त्याची कोणाला खबर नाही.

"तिकिटाला हजारो रुपये देणाऱ्याला सत्तर जड झाले का?" हा प्रश्नही नेहमी येतो. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसला पाहिजे, असं म्हणत २०१६ मध्ये उडान योजना आली. तासाभराच्या उड्डाणातल्या ठरावीक जागांच्या तिकिटाला अडीच हजारांची मर्यादा घातली गेली, आणि त्यातल्या तोट्याची भरपाई सरकारने केली. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळ बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला, तोही याच वाटेने. आमच्या तालुक्यातली माणसं मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या तारखेसाठी, आखातात मजुरीसाठी, लेकीच्या बाळंतपणासाठी विमानात बसतात. तिकीट सहा महिने साठवलेल्या पैशांतून आलेलं असतं, कधी सोयाबीनच्या चुकाऱ्यातून. आणि ज्याला परवडतं त्यालासुद्धा पाणी का विकत घ्यावं लागावं? पाणपोईवर कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत राघव चढ्ढा यांनी विमानतळावरच्या पाण्याचे आणि चहाचे भाव काढले, आणि त्याच डिसेंबरात कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' उघडलं. तिथे पाण्याची बाटली दहा रुपयांना आणि चहाही दहाला. पुढे चेन्नईलाही ते निघालं. रेल्वेचं 'रेल नीर' तर आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीतही भरलं जातं; सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरल्यावर लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांवर आली. म्हणजे दहा-पंधरा रुपयांत बाटली देता येते, हे सरकारनेच दाखवून दिलं. मग ती एका कोपऱ्यातल्या एका कॅफेत का? अशा दुकानाचं उद्घाटन होतं, फोटो येतो, आणि बाकीची पन्नास दुकानं आपला भाव लावून बसलेली राहतात. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या विमानतळाने दुकानदारांच्या करारातच अट घातली आहे की भाव शहरातल्या दुकानांइतकेच राहतील. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी विकायचंच थांबवलं आणि भरून घ्यायचे नळ वाढवले. करारातली अट मंत्री बदलला तरी राहते.

मला वाटतं बाटलीआधी पाणी मांडायला हवं, आणि ते तपासणी संपते तिथेच. कंबरेचा पट्टा परत बांधायचा आणि पहिल्या दुकानाआधी समोर पाणी दिसायला हवं. स्वच्छतागृहापासून लांब, खाली धार पडणारा नळ, शेजारी धुतलेले पेले, आणि वर मराठीत मोठ्या अक्षरांत 'पिण्याचं पाणी, मोफत'. सूचना फलकावर 'वॉटर स्टेशन' लिहून ठेवलं तर आईला ते रेल्वेचं काहीतरी वाटेल. आणि अलीकडच्या बाजूला, जिथे जवान उभा असतो तिथे, पाणी ओतायला एक मोरी हवी. कचऱ्याचा डबा नको. जवानाने एवढंच म्हणावं: पाणी इथे ओता, बाटली जवळच ठेवा, आत भरून मिळेल. ही तीन वाक्यं शिकवायला कोणाला प्रशिक्षण शिबिर लागत नाही. दुकानातल्या बाटल्यांपैकी निदान एक बाहेरच्या भावाची असावी, नजरेच्या उंचीवर, खालच्या फळीवर लपवलेली नको. आणि हे सगळं उपकार म्हणून नको. जागा भाड्याने देताना करारात लिहून हवं, ते मोडलं तर दंड हवा.

बेलोऱ्यापासून सुरुवात करायला काय अडचण आहे? इमारत नवी आहे, लहान आहे, अजून कोणाची सवय बसलेली नाही. दारात एक रांजण मांडला तरी वऱ्हाडातल्या माणसाला कळेल की आपण घरीच आलो. सुरक्षेवाल्यांना रांजण चालत नसेल तर स्टीलचा ठेवा, आमची हरकत नाही.

त्या दिवशी आईने सत्तर रुपयांची बाटली उघडली नाही. मी खूप म्हटलं. ती मांडीवर घेऊन बसली आणि विमानात गेल्यावर हवाईसुंदरीकडून पेलाभर पाणी आणून दिलं ते प्यायली. ते फुकट आहे का, हे तिने तीनदा विचारलं. सीलबंद बाटली शारजाला गेली, तिथे बहिणीच्या घरी फोडली गेली, आणि रिकामी होऊन दोन महिन्यांनी आईच्या पिशवीतून दर्यापूरला परत आली. जाड प्लास्टिकची आहे, लवकर चेपत नाही. आता बाबा ती रोज वावरात नेतात. घरात तिला 'सत्तरवाली' म्हणतात. परवा कामावरची बाई विचारत होती हे कसलं नाव, तर आईने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्या प्लास्टिकच्या झाडासकट.